बेडकिहाळ आजींच्या हातचा चहा

“साखर किती घालू, सिस्टर?” बेडकिहाळ आजींनी विचारलं.

“तुम्हाला आवडते तेवढी घाला. आज मी पाहुणी आहे,” आई म्हणाली.

मी बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभी होते आणि घसा मोकळा सोडून भाषण करत होते. “मित्रहो, याच पृथ्वीच्या पोटातून ऊस वर येतो, याच मातीत चहाचं रोप रुजतं आणि याच मातीवरचं गवत खाऊन आपल्या गाई दूध देतात.” खालून सायकलवरून जाणाऱ्या पाववाल्यानं मान वर करून पाहिलं. पाहू दे. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा तोंडावर आली होती. सिस्टरची मुलगी गॅलरीत सराव करते, यात कुणाला काय वावगं वाटणार?

खिडकीच्या गजांतून मला आतलं सगळं दिसत होतं. आजींनी साखर घातली, चहापूड घातली, दूध ओतलं. मी वायूवर आले. “आणि वायू, मित्रहो. डोळ्यांना न दिसणारा, पण वाफेच्या रूपानं वर वर चढणारा.” चहा वर यायला लागला. आजी त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिल्या, रांगत्या नातवाकडे बघावं तशा.

“परंतु तेज आवरलं नाही, तर सर्वस्वाची राख होते,” मी म्हटलं.

आजी हलल्या नाहीत. आई खुर्चीत बसून मोबाइल बघितल्यासारखं करत होती.

“तेज आवर,” मी आवाज चढवला. “हे मानवा, आपलं तेज आवर.”

आजींचा हात शेगडीच्या बटणाकडे गेला. खट्. मग गाळणं आलं, कप आले, बशा आल्या, आणि मी एका दमात आकाश संपवून टाकलं.

आईनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप खाली ठेवला. “फर्मास झालाय,” ती म्हणाली. ती गेल्यावर आजी खिडकीशी आल्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी गजावर दोन बोटं वाजवली. म्हणजे, जमलं.

ही मी आठवीत असतानाची गोष्ट. आता मी दहावीत आहे आणि स्नेहसंमेलनात माझ्या हातातून माइक काढून घ्यावा लागतो. पण तेव्हा मी हजेरीला “प्रेझेंट” म्हटलं तरी बाई दुसऱ्यांदा नाव पुकारायच्या, इतका माझा आवाज खोल गेलेला असायचा.

माझी आई, चौगुले सिस्टर, मिरजेतल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात मुख्य नर्स आहे. दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर ज्यांचं ज्यांना करता येतं अशी माणसं राहतात. तिथं प्रत्येकाला आपली खोली, खोलीला दार, दाराला आतून कडी, आणि कोपऱ्यातल्या ओट्यावर एकाच बर्नरची शेगडी. खाली मोठा हॉल. तिथल्या पलंगांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे आहेत आणि दोन पलंगांच्या मध्ये पडदा. कोण वर राहणार आणि कोणाला खाली आणायचं, हे ठरवण्यासाठी आई अधूनमधून प्रत्येकाची तपासणी करते. अंघोळ स्वतः करतात का, ब्लाउजचे हुक लागतात का, संडासला वेळेवर पोचतात का, वार सांगता येतो का. पण खरी परीक्षा कागदावर नसते. आई दुपारी चारला कुणाच्या तरी दारात उभी राहते आणि म्हणते, “आज तुमच्या हातचा चहा पाजा.”

चहा करण्यात सगळं येतं, असं तिचं म्हणणं. हात किती थरथरतो, डोळ्यांना किती दिसतं, एकामागून एक कामं आठवतात का, आणि मुख्य म्हणजे, गॅस बंद होतो का. ही परीक्षा आहे हे वरच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. एक आजोबा तर तपासणीच्या आठवड्यात रोज इस्त्रीचा सदरा घालून दूध ताजं ठेवायचे.

बाबा साखर कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. म्हणून शाळा सुटली की मी केंद्रावर जायचे आणि आईच्या टेबलाशी गृहपाठ करत बसायचे. दिवाळीनंतर एके दिवशी आई म्हणाली, “इथं काय बसतेस मान मोडून? वर जा, बेडकिहाळ आजींपाशी बस. त्यांना बोलायला कुणी नाही, आणि तुला बोलता येत नाही. जमेल तुमचं.”

आणि जमलंच. सुमती बेडकिहाळ जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पूर्वी परगावी बोलायचं तर आधी ऑपरेटरला सांगावं लागायचं आणि तिनं जोडून दिल्यावर बोलणं व्हायचं, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांचा आवाज असा की त्यांनी “दार लावून घे” म्हटलं तरी ऐकत राहावंसं वाटे.

“तू बोलताना जमिनीकडे बघतेस. म्हणून शब्द जमिनीवर पडतात,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

“मला भीती वाटते.”

“कुणाची? समोरचे दिसतात त्यांची? मग डोळे मीट. आम्हाला कुठे कोण दिसायचं. कलेक्टर असो नाहीतर रडणारी सून असो, आवाज तोच ठेवायचा. पोटातून काढ. म्हण, नमस्कार, मिरज.”

“नमस्कार, मिरज.”

“हे मिरजेत नाही गं, माझ्या पदरातही नाही पोचलं. परत.”

महिन्याभरात मी वर्गात हात वर करायला लागले. दुसऱ्या महिन्यात पाटील सरांनी माझं नाव वक्तृत्व स्पर्धेसाठी घातलं. आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ओढून आरशासमोर उभं केलं. “बघ, हा चेहरा बोलका झालाय,” म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याबद्दल त्याआधी कुणी काही म्हटलं नव्हतं.

चहा आम्ही रोज करायचो. म्हणजे आधी त्या करायच्या. मग एकदा त्या पाण्याचं पातेलं हातात घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि उभ्याच.

“केतके, हे मी कशाला घेतलं गं?”

“चहा ठेवणार होतात.”

“हो हो. ते माहितेय मला,” त्या जरा रागानंच म्हणाल्या.

त्यानंतर तसं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. मग मीच “आजी, आता दूध” असं सांगायचे, खेळासारखं. एकदा मी शाळेतून आले तर शेगडीचं बटण फिरवलेलं होतं आणि ज्योत नव्हती. मी बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली. त्या दिवशी चहा झालाच नाही. आम्ही दोघी गॅलरीत जाऊन बसलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, “तुझी आई येणार या पंधरवड्यात. चहा प्यायला.”

“मग?”

“मग काय. खाली जावं लागेल.”

“खाली काय वाईट आहे? जेवण तेच असतं.”

“खाली दार नाही, केतके.” त्यांनी कडीला हात लावला. “जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली मी, पण ऐकली नाहीत. आमच्यात तो नियम होता. जोडायचं आणि कान काढून घ्यायचा. खाली मी कण्हले तरी शेजारच्या पलंगाला ऐकू जाणार. खाली गेलेलं माणूस परत वर आलेलं तू पाहिलंस कधी?”

मी पाहिलं नव्हतं.

युक्ती त्यांचीच. माझ्या भाषणाचा विषय होता ‘पंचमहाभूतं आणि आपण’. आजींनी माझा कागद घेतला आणि परिच्छेदांवर बाण काढायला सुरुवात केली.

“आधी पाणी.”

“पण आजी, पृथ्वी, आप, तेज असा क्रम असतो. पाटील सर म्हणाले.”

“तुझ्या सरांना चहा करता येतो का? आधी पाणी. मग तेज. मग ही तुझी पृथ्वी, तिच्यात ऊस घाल, चहा घाल. दुधासाठी काय घालशील?”

“गाई?”

“घाल गाई. वायूत वाफ. आणि त्याच्यानंतर पुन्हा एकदा तेज हवं. आवरायला.”

आम्ही हसून हसून पलंगावर पडलो. आजी तेव्हा माझ्या वर्गातल्याच वाटल्या, फार तर एक वर्ष पुढच्या. मग रोज तालीम. मी गॅलरीत, त्या ओट्याशी. तिसऱ्या दिवसापासून एकही चूक झाली नाही.

तर, परीक्षेच्या त्या दिवशी संध्याकाळी घरी आई भाकरी थापत होती आणि मी ओट्याशेजारी स्टुलावर बसले होते. मी इतकी खूष होते की पायच थांबत नव्हते.

“भाषण छान झालंय गं,” आई म्हणाली. “आवाज तर काय लागलाय. पण तेज आवर असं दोनदा का म्हटलंस?”

“भर देण्यासाठी.”

“हं. आणि गाई कशाला आल्या मध्येच?” तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं.

मला हसू आवरेना. आईलाही आवरेना. ती पिठाचे हात वर धरून हसायला लागली. आई हसते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तसं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. घरी आली की ती पाय वर घेऊन गप्प बसायची. मी शाळेतलं काही सांगायला लागले तर “हं, हं” करत डोळे मिटायची.

“काय ते सांग तरी.”

“तू सिस्टर आहेस.”

“आत्ता कुठे? तो बघ युनिफॉर्म दोरीवर. आत्ता मी आई आहे. मला माझ्या पोरीची गंमत ऐकायचीये.”

“कुणाला सांगणार नाहीस? काही करणार नाहीस? शप्पथ?”

“तुझी शप्पथ,” ती म्हणाली आणि पिठाच्या हातानंच माझ्या गळ्याला चिमटा घेतला.

मग मी सगळं सांगितलं. बाण सांगितले, गाई सांगितल्या, तालीम सांगितली. आई “मग? पुढं?” करत होती. तिनं तवा उतरवून ठेवला आणि पाटावर बसून ऐकलं. भाकरी थंड झाली तरी ऐकलं. विझलेल्या शेगडीचंही मी सांगितलं. तेव्हा ती हसली नाही, पण तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हुशार गं माझी बाय.” त्या रात्री मला वाटलं, बोलता येणं म्हणजे हे. आईसुद्धा ऐकते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. आजींची गादी कठड्यावर उन्हात टाकली होती. खोलीत पलंगाचा नुसता सांगाडा होता आणि ओट्यावर शेगडीचे चार गोल डाग. झाडणारी मावशी म्हणाली, “खाली नेलं बाळ. सकाळीच.”

खाली हॉलमध्ये खांबाजवळच्या पलंगावर आजी ताठ बसल्या होत्या. मांडीवर त्यांची पर्स. जणू गाडी यायचीये.

“आजी.”

त्यांनी मान वळवली. “सिस्टरची मुलगी ना तू?”

“मी केतकी.”

“तेच म्हणतेय मी. सिस्टरची मुलगी.”

मी कठड्याला धरून उभी राहिले. मग त्याच बोलल्या, त्यांच्या त्या सुरेख आवाजात, एक शब्द इकडचा तिकडे न होता. “सकाळी तुझी आई आली. म्हणाली, आजी, कालचा चहा फार आवडला, आजही पाजा. तू शाळेत. मी पातेलं घेतलं, पाणी घेतलं. आणि राहिले उभी. तुझी आई हळूच म्हणाली, ‘आता तेज, आजी.’”

मी कठडा सोडला.

“तिला सगळं पाठ होतं गं. गाईसुद्धा,” आजी म्हणाल्या. “आम्ही बोलणी जोडायचो, पण ऐकायचो नाही. तुमच्याकडे उलटं दिसतंय.”

“आजी, तिनं माझी शप्पथ घेतली होती.”

“मग तिला विचार. मला काय सांगतेस?” आणि त्यांनी पडदा ओढला. तो पूर्ण लागत नव्हता. मध्ये वीतभर फट राहिली, आणि त्या फटीतून त्या भिंतीकडे बघताना दिसत राहिल्या.

मी आईशी बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. मला वाटत होतं, तिच्या हातून घडलं. ऐकून घाबरली असेल आणि राहवलं नसेल. नर्सच ती. मी तिला मनातल्या मनात थोडी माफ करायलाही लागले होते.

मग शनिवार आला. सकाळची शाळा. मी अकरालाच केंद्रावर पोचले तर खालच्या व्हरांड्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनी आल्या होत्या, गुलाबी ड्रेस, मांडीवर वह्या. आई उभी राहून शिकवत होती. मी खांबापलीकडे चप्पल काढत होते. तिला मी दिसत नव्हते.

“तुम्ही ॲप्रन घालून समोर गेलात की म्हातारं माणूस सावध होतं,” आई सांगत होती. “पाठ ताठ करतं, वार आधीच पाठ करून ठेवतं. तुम्हाला दिसतं ते त्याचं सोंग. त्याला खरं बघायचं तर अशा कुणाच्या डोळ्यांनी बघा, ज्याच्यासमोर त्याला सोंग करावंसं वाटत नाही. भेटायला येणारं माणूस, झाडणारी मावशी, एखादं मूल. आमच्याकडं एक बाई होत्या. वरच्या मजल्यावर दोनदा गॅसचा वास आला होता, पण माझ्यासमोर त्यांचं सगळं चोख. मग मी त्यांच्याकडं एक शाळकरी मुलगी पाठवायला सुरुवात केली. अबोल मुलगी. अबोल माणसापुढं लोक मोकळे होतात. काय काय होतं ते शेवटी मुलीच्या बोलण्यातून कळलं.”

एका विद्यार्थिनीनं हात वर केला. “मॅडम, त्या मुलीला माहीत होतं?”

“नाही,” आई म्हणाली. “माहीत असतं तर तीही सावध झाली असती.”

मुलींनी लिहून घेतलं. मी चप्पल परत पायात घातली.

स्कूटरच्या स्टँडपाशी मी तिची वाट बघत उभी राहिले. ती डबा घेऊन बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडे बघूनच थांबली.

“ऐकलंस?”

“तू मला पाठवलंस. दिवाळीपासून.”

“हो.”

“मी अबोल होते म्हणून.”

“केतकी, त्या मजल्यावर झोपणारी सगळी माणसं माझ्या भरवशावर झोपतात. एका रात्री बटण उघडं राहिलं असतं तर...”

“मग त्यांना सरळ सांगायचंस, आजी, मला भीती वाटते म्हणून. मला सांगायचंस. तू हसलीस. तवा उतरवून बसलीस.”

आई स्कूटरची किल्ली हातात फिरवत राहिली.

“माझी शप्पथ घेतलीस,” मी म्हटलं.

“घेतली.”

“खोटी.”

“खोटी,” आई म्हणाली. “आणि वेळ आली तर पुन्हा घेईन. तुला राग येणार, हे धरूनच घेतली. जळलेली म्हातारी मी पाहिलीये, तू नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तू बोलायला लागलीस की नाही? आज माझ्याशी भांडतेयस, ते कुणामुळं?”

“आजींमुळं.”

“आजींकडं कुणी पाठवलं?”

या प्रश्नाचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. म्हणजे माझा आवाजसुद्धा तिच्याच कामातला. मी चालत घरी गेले. ती गल्लीच्या तोंडापर्यंत स्कूटर हळूहळू माझ्या मागून चालवत राहिली.

स्पर्धेत मी भाषण केलं आणि दुसरा नंबर आला. छोटा, पितळेचा, पेटत्या पणतीच्या आकाराचा करंडक होता. तो घेऊन आजींकडे जायची हिंमत होत नव्हती. दोनदा हॉलच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मग एके दिवशी आईच म्हणाली, “तो करंडक दप्तरात घेऊन किती दिवस फिरणारेस? चल, आजींना दाखव. मी येते बरोबर.” मला बरं वाटलं, हे खरं. वाटलं, ती मिटवतेय. रस्त्यात तिनं आणखी एक सांगितलं. वर, नर्सच्या टेबलाशेजारची खोली रिकामी होणार होती. दार, खिडकी, सगळं होतं, फक्त शेगडी नाही. “आजींचं डोकं साफ असेल तर मी त्यांना तिथं नेणारे,” आई म्हणाली. मी तिचा हात धरला. पुष्कळ दिवसांनी.

आजी वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, साडीच्या निऱ्या जागच्या जागी. आई पलंगाशेजारी स्टुलावर बसली आणि तिनं बगलेतला पुठ्ठा काढला. त्याला कागद लावलेला होता. मी बघतच राहिले.

“आजी, थोडे प्रश्न. नीट उत्तरं दिलीत की वरची खोली. शेगडी नाही मिळणार, पण दार आहे. चालेल?”

“दार आहे,” आजी म्हणाल्या. “विचारा.”

“आज वार कोणता?”

“गुरुवार. उद्या तुमची सुट्टी.”

“महिना?”

“फाल्गुन. शिमगा तोंडावर आला. तुमच्या कागदावर फेब्रुवारी असेल.”

“आपण कुठं आहोत?”

“मिरजेत. खालच्या हॉलमध्ये. खांबाजवळ.” आईच्या पेनाची टकटक भराभर चालली होती. मी तिच्या मागे उभी राहून बोटं घट्ट एकमेकांत अडकवली होती. सगळं बरोबर होतं. आजी वर जाणार होत्या.

“छान. आता एकच,” आई म्हणाली. तिनं मागे हात करून माझं मनगट धरलं आणि मला पुढे ओढलं. “ही कोण, सांगा बघू?”

म्हणजे मला यासाठी आणलं होतं. करंडक हातात घेऊन मी पलंगापुढे उभी, तिच्या कागदावरचा शेवटचा प्रश्न म्हणून.

आजींनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग आईकडे. मग परत माझ्याकडे.

“नाही बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या ओळखीतली नाही.”

“नीट बघा, आजी. रोज यायची तुमच्याकडं. तुमची लाडकी.”

“येत असेल. पुष्कळ येतात.”

आईनं पेन थांबवलं. तिच्या चेहऱ्यावरचं खरंखुरं वाईट वाटणं मला दिसलं. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावर कुणीतरी उलटी केली आणि मावशीनं हाक मारली. आई पुठ्ठा तसाच पायथ्याशी ठेवून उठली.

आजी पर्सचा बंद नीट करत होत्या. वर न बघता, हळू आवाजात त्या म्हणाल्या, “कितवा आला?”

मला आधी कळलंच नाही.

“नंबर. कितवा?”

“दुसरा,” मी म्हटलं.

“पहिला का नाही?”

“परीक्षक म्हणाले, भाषण उत्तम, पण पंचमहाभूतांचा क्रम चुकलाय.”

आजींच्या ओठांवर हसू फुटलं आणि विझलं. मी कठड्यावरून वाकले. “आजी, तुम्ही ओळखता मला. मग असं का केलंत? आता वर नाही नेणार ती तुम्हाला.”

“माहितेय.”

“दार होतं तिथं.”

“असू दे. वार विचार, महिना विचार, सांगते. तू माझी कोण, हे तिला कागदावर लिहून द्यायला मी बांधील नाही.”

आई नळावर हात धूत होती. तिची पाठ होती आमच्याकडे. एक वाक्य, फक्त एक. आई, त्यांनी मला ओळखलं. नंबर विचारला. आणि आजी संध्याकाळपर्यंत वर.

“सांगू का तिला?” मी विचारलं.

आजींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “या खेपेला विचारतेस,” त्या म्हणाल्या. आणि मग, “नको.”

“नक्की?”

“नको म्हटलं ना, केतके.”

आई हात पुसत आली. तिनं पुठ्ठा उचलला, आजींच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला थोडं बाजूला घेतलं.

“काही बोलल्या का तुझ्याशी?” तिनं हळूच विचारलं. “काहीही? नाव वगैरे? मला वाटलं, ओठ हलले.”

तिचा चेहरा त्या संध्याकाळसारखाच होता, तवा उतरवून पाटावर बसली होती तेव्हासारखा. माझ्या तोंडाकडे लागलेला, पुढचं ऐकायला आतुर.

“नाही,” मी म्हटलं. “काही नाही बोलल्या.”

“नक्की ना?”

“तुझी शप्पथ.”

“बरं,” आई म्हणाली. तिनं विश्वास ठेवला आणि लिहायला लागली.